एका भेटीला एकच प्रश्न

दुकानात आधी पोतं आलं, मग पाणी आलं, आणि मग तो आला.

श्रावणातली दुपार होती आणि सांगलीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय होता — आयर्विन पुलावर पाणी किती चढलं? समोरच्या गोदामातले हमाल हळदीची पोती वरच्या मजल्यावर नेत होते. बाबा पुलावर पाणी बघायला गेले होते. त्यांनी डोळे वटारले की कृष्णा उतरते, अशी त्यांची समजूत आहे. त्यामुळे दुकानात मी एकटीच. जुन्या कॅसेटी, जुनी रिळं, लग्नं, बारशी... लोक आणून देतात, आम्ही पेन ड्राइव्हवर उतरवून देतो. बाबांचा हा हौसेचा धंदा, आणि हौस फिटल्यापासून माझा.

"दुकान उघडं हाय का?"

"तुम्ही आत उभे आहात," मी म्हटलं.

तो हसला. केसांतून पाणी गळत होतं, शर्ट अंगाला चिकटला होता. पण पोतं मात्र कोरडं ठणठणीत! कारण रेनकोट त्यानं पोत्याला घातला होता. बाह्यांसकट. वरची गुंडीसुद्धा लावली होती.

आता खरं सांगते. मला उंच मुलगे आवडतात, नीट बोलणारे आवडतात, आणि हा ना धड उंच, ना धड बोलका. पण पोत्याला रेनकोट घालणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते... आणि मी जरा जास्तच वेळ बघत राहिले.

पोत्यातून पत्र्याचे गोल डबे निघाले. सिनेमाची रिळं.

"आमच्या आजोबांची. जोतिबा आजोबा. तंबू टॉकीज व्हती त्यांची, जत्रेत फिरायची," तो म्हणाला. "लढाईचा शिनेमा हाय, विलायती. बाँब टाकणाऱ्या इमानाचा. रिळं आता तुटायला लागल्यात, म्हनून म्हटलं..."

"पेन ड्राइव्हवर हवंय?"

"व्हय. आन् ते शेवटचं..." तेवढ्यात समोरचा हमाल ओरडला, पाणी वाढतंय, परतीची गाडी बंद होईल. तो घाबराघुबरा होऊन निघाला. वाक्य तिथंच राहिलं.

नंतर मला कळलं, वाक्य अर्ध्यावर सोडायची त्याची सवयच होती. नाव शंभूराज, पण पराक्रम असा!

पाणी पुलाखालीच थांबलं आणि उतरलं. बाबांना वाटलं, त्यांच्यामुळे. तोवर मी सगळी रिळं मशीनवर लावली. पहिले डबे इतके वापरलेले की पडद्यावर ओरखड्यांचाच पाऊस. शेवटचा डबा मात्र एका जुन्या जांभळ्या चिंधीनं घट्ट बांधलेला. ती गाठ सोडायला मला अर्धा तास लागला, पण कापवेना. आतलं रीळ निघालं नवंकोरं. एकही ओरखडा नाही, कुणी कधी लावलंच नसावं असं. मी ते बघितलं. शेवटी ओढणीनं डोळे पुसले आणि सगळं एकसलग जोडून टाकलं.

तो न्यायला आला तेव्हा मी म्हटलं, "शेवट काय सुंदर आहे हो तुमच्या सिनेमाचा!"

त्याचा चेहरा उतरला.

"तुमी... शेवटचा डबा उघडला?"

"म्हणजे? उघडायचा नव्हता?"

तो स्टुलावर बसला. मग तुकड्यातुकड्यांत सगळं बाहेर आलं. त्याचे धाकटे आजोबा, तानाजी, हवाई दलात होते. एकाहत्तरच्या डिसेंबरात बॉम्बर घेऊन गेले ते परत आले नाहीत. विमानात दोघं — चालवणारा कुर्गचा सोमय्या, आणि वाट दाखवणारा रहिमतपूरजवळच्या वाघजाईवाडीचा तानाजी. ना विमान मिळालं, ना माणसं. पुढच्या वर्षी त्याच सुमाराला मोठ्या भावानं, जोतिबांनी, गावात हा सिनेमा लावला. इंग्रजी कुणाला कळत नव्हतं, म्हणून जोतिबा माइकवरून मराठीत सांगत होते. पडद्यावरच्या गोऱ्या वैमानिकाला त्यांनी नाव दिलं सोमय्या, नकाशा घेऊन बसलेल्याला तानाजी. सिनेमात विमान बॉम्ब टाकून परत फिरतं, एका इंजिनाला आग लागते, ते ढगात शिरतं... आणि तिथं त्यांची धाकटी बहीण बनुबाई उठून उभी राहिली. हात वर केला. म्हणाली, "थांबीव दादा."

जोतिबांनी मशीन थांबवलं. शेवटच्या डब्याला बनुबाईनं आपल्या लुगड्याची चिंधी बांधली. तेव्हापासून दर डिसेंबरात सिनेमा लागतो, विमान ढगात शिरलं की बनुआजींचा हात वर जातो आणि सिनेमा थांबतो. मग सगळं गाव दोघांची नावं घेतं, उपकार मानतं, गुळाचा चहा पितं आणि घरी जातं.

"म्हणजे अख्ख्या गावानं इतकी वर्षं अर्धाच सिनेमा बघितलाय?"

"अर्धा न्हाई," तो दुखावल्यासारखा म्हणाला. "पाऊण."

"आणि शेवट कुणालाच माहीत नाही?"

"आता तुमाला हाय."

तो पेन ड्राइव्ह खिशात घालून निघाला. दारापर्यंत गेला. परत आला.

"एक इचारू? एकच. जास्त कळलं तर बनुआजीच्या तोंडाकडं बघता यायचं न्हाई मला... शेवटी पाऊस असतोय का?"

"नाही. धुकं असतं."

"धुकं," तो स्वतःशीच म्हणाला, जणू मी त्याला काहीतरी मौल्यवान दिलं होतं, आणि गेला.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा हजर! म्हणे सांगलीत काम होतं. हातात पिशवी, पिशवीत आलं. त्यांच्या भागात आल्याची शेती लय, असं त्यानं सांगितलं. मुलीला गुलाब देणारे ऐकले होते, पण मातीसकट आलं देणारा हा पहिलाच. आईनं पिशवीत डोकावून बघितलं, मग त्याच्याकडे, मग माझ्याकडे, आणि चहा टाकायला गेली.

"तो किटलीवाला म्हातारा," तो चहा फुंकत म्हणाला, "इमानतळावरचा. पहिल्या रिळात सगळ्यास्नी च्या देतोय तो. शेवटी दिसतो का?"

"दिसतो."

"काय करत असतोय?"

"हा दुसरा प्रश्न झाला," मी म्हटलं. "एका भेटीला एकच."

हा नियम मी का केला, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. एका दमात सगळं सांगितलं असतं तर त्याला परत यायला कारण उरलं नसतं. त्यालाही ते कळलं असावं, कारण तो कपाकडे बघून हसला आणि म्हणाला, "मग पुढच्या बुधवारी येतो."

बुधवार, मग पुढचा बुधवार... रहिमतपूरहून गाडी पकडायची, सांगलीला उतरायचं आणि एक प्रश्न विचारायचा. धावपट्टीवरचे कंदील शेवटी पेटलेले असतात का? (असतात.) कुणी गाणं म्हणतं का? (नाही, कुणीच नाही.) गणपती गेले, घरात आल्याचा ढीग झाला. आमच्या आमटीत आलं, भाजीत आलं, बाबांनी तर एकदा पोह्यातसुद्धा आलं सापडल्याची तक्रार केली.

एकदा आम्ही घाटावर भडंग खात बसलो होतो. नदी आपल्या जागी जाऊन शहाण्यासारखी वाहत होती.

"सोमय्या एकदा सुट्टीत आमच्या गावाला आलेला," तो म्हणाला. "बनुआजीनं ठेचा वाढला. त्याचं डोळं, नाक, सगळं वाहाय लागलं. तरी म्हणतोय, और दो. जाताना म्हणाला, पुढच्या टायमाला आईला घेऊन येतो... त्याच्या आईला आमी कुणी कधी बघितलं न्हाई. पण खुर्ची त्याची बी मांडतो. दोन खुर्च्या, दोन गलास च्या."

मग मलाही सांगावंसं वाटलं. मोठ्या पुराच्या वर्षी आम्ही तीन दिवस गच्चीवर होतो. सैन्याची बोट आली. एका जवानानं आईला अक्षरशः उचलून बोटीत ठेवलं. मला म्हणाला, डरो मत, बहन. आम्हाला उतरवलं आणि तो लगेच मागे वळला, पुढच्या गच्चीकडे.

"नाव काय त्याचं?" शंभूराजनं विचारलं.

"नाही विचारलं."

"इचारायला पायजे व्हतं," तो म्हणाला. रागानं नाही, हळू, समजावल्यासारखं. "आपल्यासाठी कुणी जिवावर उदार झालं तर निदान नाव तरी... आमचं गाव दुसरं काय करतंय? नावच घेतंय."

मला त्या क्षणी रडू आलं आणि तो मला त्या क्षणी फार फार आवडला. दोन्ही एकदमच झालं. त्या दिवशी तो प्रश्न विचारायचाच विसरला.

डिसेंबर लागला. त्या बुधवारी तो आला आणि प्रश्नाऐवजी म्हणाला, "शनवारी शिनेमा हाय. तुमी याल का? म्हंजे... लॅपटॉपचं काय बिघडलं तर..."

"लॅपटॉपसाठी येऊ?"

"न्हाई म्हंजे... लॅपटॉपसाठी बी."

मी गेले. पर्समध्ये ती जांभळी चिंधी होती. इतके दिवस ती मी जपून ठेवली होती, पण मनाला टोचत होतीच. एका बाईनं पन्नास वर्षांपूर्वी मारलेली गाठ मी सोडून बसले होते. सिनेमा आता सलग होता. शंभूराजचं बोट वेळेवर बटणावर पडलं नाही, तर त्या बाईच्या डोळ्यांदेखत तिचा भाऊ पुन्हा एकदा जाणार होता. आणि ते माझ्यामुळे होणार होतं.

बनुआजी चुलीपुढे बसून मोठ्या पातेल्यात गूळ फोडून टाकत होत्या. पंच्याहत्तरी ओलांडलेली, पण पाठ ताठ.

"तू व्हय सांगलीची? आमचं आलं सगळं कुटं जातंय, ते कळलं आज."

मी लाजले. मग धीर करून चिंधी त्यांच्यापुढे धरली. "आजी, ही गाठ मी सोडली. मला माहीत नव्हतं."

त्यांनी ती हातात घेतली. बोटांनी चाचपली. मग विचारलं, "बगितलास तू शेवट?"

"हो."

"वाईट हाय?"

काय सांगावं? खोटं बोलायचं मनात आलं होतं, देवाशपथ. पण त्या डोळ्यांपुढे जमेना.

"रडू येतं, आजी. पण वाईट नाही. शेवटी खालची माणसं त्यांचे उपकार मानतात."

"ते तर आमी दरसाल मानतोच की."

"हो... पण तुम्ही मानता तेव्हा ते अजून ढगात असतात ना. इंजिनाच्या आवाजात ऐकू जात असेल का त्यांना?"

बोलून गेले आणि जीभ चावली. बनुआजींनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं, चिंधी कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "गलास मोजून ठेव जा."

सांजवेळी शाळेच्या पटांगणात पडदा ताणला. पुढे दोन रिकाम्या खुर्च्या, त्यांच्यापुढे स्टुलावर चहाचे दोन ग्लास. शेजारी बनुआजी. मागे सगळं गाव — पटकेवाले, स्वेटरवाले, सैन्यातून निवृत्त झालेले मिशीवाले. मी लॅपटॉपपाशी, आणि माझ्या शेजारी आजोबांचा माइक घेऊन शंभूराज.

आणि मी दुसराच शंभूराज बघितला! माइक हातात आला आणि त्याचं अडखळणं पळालं.

"हे बगा, सोमय्या इमानात चढला! मागनं आपला तानाजीआबा. नकाशा काढला. म्हणतोय, भिऊ नगा गड्यांनो, वाट माझ्या ध्यानात हाय. घरची वाट कोण इसरतंय?"

पडद्यावरचे गोरे ओठ हलत होते आणि त्यांतून वाघजाईवाडी बोलत होती. पडद्यावरच्या विमानात सातजण होते. उरलेल्या पाचांनाही गावातल्या शिपायांची नावं होती. बॉम्ब पडले तेव्हा कुणी शिट्टी मारली नाही. विमान वळलं. इंजिनाला आग लागली. समोर ढग दिसायला लागले.

शंभूराजचा आवाज बारीक झाला. "आन् आता... ढगात शिरलं इमान..."

त्याचं बोट बटणावर होतं. नजर बनुआजींच्या हातावर.

हात वर आला नाही.

"आजी," तो पुटपुटला. हात मांडीवरच होता, मुठीत चिंधी. मागे कुणीतरी श्वास रोखला, मग सगळ्यांनीच. ज्या चित्राशी सगळं थांबायचं ते चित्र आलं, आणि गेलं. पडद्यावरचे ओरखडे एकदम नाहीसे झाले. कोरं रीळ सुरू झालं होतं.

शंभूराज माइक धरून नुसता उभा. पुढचं त्याला माहीतच नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. इतकं घाबरलेलं माणूस मी कधी बघितलं नव्हतं. मग त्यानं माइक माझ्या हातात दिला.

मी सांगलीची, मला त्यांच्यासारखं बोलता येत नाही. तरी बोलले.

"विमान आता दिसत नाही," मी म्हटलं. "आपण खाली आहोत, विमानतळावर. धुकं आहे. धावपट्टीवरचे कंदील पेटलेत. तो किटलीवाला म्हातारा सात कपांत चहा ओततो... सोमय्याला, तानाजीला, सगळ्यांना. वाट बघतोय. चहा निवला. त्यानं परत गरम केला. परत ओतला."

मागे कुणीतरी हुंदका दिला.

"आता उजाडलंय. कुणीच आलं नाही. साहेब म्हणतात, कंदील विझवा. म्हातारा नाही म्हणतो. मग... मग तो स्वतःच उठतो. एकेक कंदील विझवत जातो. शेवटच्या कंदिलापाशी टोपी काढतो. वर बघतो, आणि म्हणतो —"

इंग्रजीत तो फक्त दोन शब्द म्हणतो, थँक यू. मला ते दोन शब्द अपुरे वाटले.

"म्हणतो, पोरांनो, लय उपकार झाले तुमचे. आम्ही हायो इथं, ते तुमच्यामुळं. आता टेका पाठ."

पडदा पांढरा झाला. मग बनुआजी उठल्या. दोन्ही खुर्च्यांच्या पाठीवरून हात फिरवला, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"इतकी वर्सं मीच त्यास्नी ढगात अडकवून ठिवलं," त्या म्हणाल्या. "दमली असतील लेकरं. उतरली एकदाची." मग मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घ्या रं नावं. आता ऐकू जातंय त्यास्नी."

अख्ख्या गावानं नावं घेतली. तानाजी. सोमय्या. आणि मी मनातल्या मनात त्या बोटीतल्या जवानाला हाक मारली. त्याचं नाव मला माहीत नाही, म्हणून भाऊ म्हटलं.

चहा वाटला गेला. लोक बनुआजींच्या पाया पडत होते. शंभूराज वायर गुंडाळत होता. गुंडाळलेलीच परत सोडून पुन्हा गुंडाळत होता.

"आता शेवट कळला तुम्हाला," मी म्हटलं. "प्रश्न संपले."

"एक राहिलाय."

"एका भेटीला एकच."

"व्हय. एकच हाय..." त्यानं माझ्याकडे बघितलं, कानाची पाळी लाल झाली. "म्हंजे मी काय म्हणतोय... तुमच्या घरचे काय म्हणतील ते... पर मला..."

आणि थांबला. नेहमीसारखाच! मी मदत करणार नव्हते. मी नुसती उभी राहिले.

"शंभू," खुर्चीशेजारून बनुआजींचा आवाज आला, "अर्ध्यात थांबायचं या गावानं आजपासनं सोडलंय बरं का."

त्यानं वायर खाली ठेवली.

"मयूरी," तो म्हणाला. आजवर 'तुमी' म्हणणारा माणूस. "तू माझ्याशी लगीन करशील का?"

सगळ्या प्रश्नांना मी आढेवेढे घेत उत्तरं दिली होती. याला नाही घेतले.

"व्हय," मी म्हटलं.

बनुआजींनी स्टुलावरचे ते दोन ग्लास उचलले. दरवर्षी त्या हा चहा कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतायच्या, असं शंभूराजनं मला सांगितलं होतं. त्यांनी एक ग्लास त्याच्या हातात दिला, एक माझ्या.

"त्येंचा हाय," त्या म्हणाल्या. "त्येंच्यामुळंच हाय सगळं. घ्या."

चहा पार गार झाला होता. आम्ही आधी त्या दोन खुर्च्यांकडे बघितलं, मान झुकवली आणि मग प्यायलो.